रेजिनात स्वतःचे घर स्वतः विकताना

रेजिनात एप्रिलच्या अखेरीस बर्फ ओसरले, की घरांपुढच्या मरगळलेल्या हिरवळीवर विक्रीच्या पाट्या उगवू लागतात. बहुतेक पाट्यांवर एजंटाचा हसरा चेहरा असतो. अधूनमधून एखादी पाटी बिनचेहऱ्याची दिसते. तिच्यावर केवळ दूरध्वनी क्रमांक, एखाद्या संकेतस्थळाचे नाव आणि ‘मालकाकडून थेट विक्री’ अशा अर्थाचे चार शब्द असतात. नोकरी बदलून कॅलगरी-टोरांटोकडे निघालेल्या किंवा मुले मोठी झाल्यावर लहान घरात जाऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून या दुसऱ्या पाटीविषयी वारंवार विचारणा होते. एजंटाशिवाय घर विकता येते का, आणि त्यात खरोखर किती पैसे वाचतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. सस्कॅचवानच्या कायद्यानुसार स्वतःच्या मालकीचे घर विकण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नाही. परवाना लागतो तो मोबदला घेऊन दुसऱ्याचे घर विकून देणाऱ्याला. म्हणून ‘गिऱ्हाईक मी आणून देतो, मला हजार-दोन हजार द्या’ असे म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसापासून मात्र सावध राहावे. आपल्याकडच्या गावगाड्यात अशी मध्यस्थी रूढ असली, तरी येथे ती बिनपरवाना दलाली ठरते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने द्यावे लागते. कमिशनचा दर कायद्याने ठरलेला नाही, तो वाटाघाटीचा विषय आहे. तथापि या प्रांतात वारंवार ऐकू येणारी रचना अशी : पहिल्या लाखावर ६ टक्के, दुसऱ्या लाखावर ४ टक्के आणि उरलेल्या रकमेवर २ टक्के. घराची किंमत साडेतीन लाख डॉलर धरली, तर सहा, चार आणि तीन मिळून १३,००० डॉलर होतात, कर वेगळा. ही रक्कम विक्रेत्याच्या पैशांतून जाते आणि ती सामान्यतः विक्रेत्याचा व खरेदीदाराचा अशा दोन एजंटांत वाटली जाते. खासगी विक्रीत ‘तेरा हजार वाचले’ असे म्हणणारे बहुतेक जण येथेच चुकतात. चालून आलेल्या खरेदीदाराचा स्वतःचा एजंट असेल, तर त्याला काहीतरी द्यावेच लागते आणि बचत निम्म्यावर येते. शिवाय खासगी जाहिरातीच्या संकेतस्थळांचे शुल्क बहुधा आगाऊ भरायचे असते, घर विकले जावो वा न जावो. वकिलाचा खर्च मात्र दोन्ही मार्गांत सारखाच, त्यामुळे तो या तुलनेत धरू नये.

जाहिरातीचे दार कसे उघडले

आज खासगी विक्री शक्य वाटते, त्यामागे पाव शतकाचा इतिहास आहे. क्यूबेकमधील ‘द्युप्रोप्रियो’ १९९७ मध्ये आणि न्यू ब्रन्सविकमधील मॉन्क्टन येथील ‘प्रॉपर्टीगाइज’ १९९८ मध्ये सुरू झाली. ठरावीक शुल्क घ्यायचे, छायाचित्रे आणि पाटी द्यायची आणि बाकीचे मालकावर सोपवायचे, अशी त्यांची पद्धत. पण बहुसंख्य खरेदीदार शोध घेतात तो एजंटांच्या सामाईक यादीतून, म्हणजे एमएलएसमधून आणि तिच्यावर आधारलेल्या रिअल्टर डॉट सीए या संकेतस्थळावरून. त्या यादीत पूर्ण सेवा घेतल्याशिवाय शिरकाव नसे. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅनडाच्या स्पर्धा आयुक्तांनी हे नियम लवादापुढे नेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅनेडियन रिअल इस्टेट असोसिएशनशी समझोता झाला. तेव्हापासून परवानाधारक ब्रोकर केवळ ठरावीक शुल्क घेऊन आपले घर यादीत नोंदवू शकतो. येथे त्याला ‘मेअर पोस्टिंग’ म्हणतात. घर दाखवणे, भाव ठरवणे, करार करणे हे सारे मालकाकडेच राहते.

माझ्या मते रेजिनासारख्या शहरात हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे. २०२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,२६,४०४ होती. अशा मध्यम बाजारपेठेत एका विशिष्ट घराला साजेसे गिऱ्हाईक एका वेळी मोजकेच असतात. त्यांतले अर्धे जरी आपली जाहिरात न पाहताच दुसरीकडे वळले, तरी वाचवलेले कमिशन भावात निघून जाते. किजिजी आणि फेसबुक मार्केटप्लेस जोडीला असावेत. तेथे चौकशा भरपूर येतात, मात्र ‘अजून आहे का?’ एवढे विचारून गप्प होणारेही तितकेच.

मराठी-गुजराती-पंजाबी व्हॉट्सअॅप समूहांवरही जाहिरात जरूर टाकावी. फक्त ‘आपल्याच लोकांना’ किंवा ‘शाकाहारी कुटुंबालाच’ अशी अट लिहू नये. घराच्या विक्रीत धर्म, वंश वा मूळ स्थान यांवरून भेद करणे प्रांताच्या मानवाधिकार संहितेला मान्य नाही.

भाव

स्वतःच्या घराचा भाव ठरवताना मालकाइतका वाईट परीक्षक दुसरा नसतो. स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यावर आपण खर्च केलेले पंधरा हजार आपल्याला आठवतात, खरेदीदाराला त्या ओट्याचा रंग आवडत नाही. पालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीतील किमतीवर विसंबणेही चूक ठरते. या प्रांतात फेरमूल्यांकन दर चार वर्षांनी होते आणि २०२५ पासून लागू झालेले मूल्य १ जानेवारी २०२३ या दिवशीच्या बाजारभावावर आधारलेले आहे. शेजारच्या घराशी तुलना करायला ते उपयोगी, आजचा भाव सांगायला निरुपयोगी.

त्यापेक्षा चांगले साधन रेजिनातच मुख्यालय असलेल्या इन्फर्मेशन सर्व्हिसेस कॉर्पोरेशनकडे, म्हणजे आयएससीकडे आहे. प्रांताची जमीन-नोंदणी ही संस्था चालवते. थोडे शुल्क भरून कोणीही कोणत्याही मालमत्तेचे टायटल ऑनलाइन काढू शकतो आणि त्यावर हस्तांतराच्या वेळी जाहीर केलेली किंमत छापलेली असते. आपल्या गल्लीतील अलीकडे विकल्या गेलेल्या चार-पाच घरांची टायटले काढली, तर मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांतले अंतर कळते. शंका उरल्यास अधिकृत मूल्यांककाकडून अहवाल घ्यावा. त्याचे काहीशे डॉलर पुढच्या घासाघिशीत वसूल होतात.

क्षेत्रफळाविषयी एक खुलासा. पुण्या-मुंबईच्या कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप या चक्रातून आलेल्या माणसाला तळघर मोजण्याचा मोह होतो. येथे जाहिरातीत जमिनीवरील मजल्यांचेच क्षेत्रफळ देतात, बेसमेंट कितीही सजवलेले असले तरी ते वेगळे सांगतात. बाराशे चौरस फुटांचे घर चोवीसशेचे म्हणून जाहीर केले, तर पहिल्याच भेटीत विश्वास उडतो आणि पुढे तो खोट्या निवेदनाचा मुद्दा होऊ शकतो.

काळी माती, इथलीही

विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांना रेजिनाची जमीन ओळखीची वाटावी. आपली कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रेजिना ज्या चिकणमातीवर वसले आहे ती एका प्राचीन हिमनदी-सरोवराच्या तळाशी साचलेली. उगम वेगळा, पण स्वभाव तोच. ओलीने फुगणे, कोरड्यात आकसणे. या हालचालीने बेसमेंटच्या भिंती आत झुकतात, काँक्रीटची जमीन उंचावते, वरच्या मजल्यावरची दारे अडकू लागतात. शहरातील जुन्या वस्त्यांत, कॅथीड्रल वा लेकव्ह्यूसारख्या भागांत, पोलादी खांबांनी आवळलेली बेसमेंटची भिंत हे दुर्मीळ दृश्य नव्हे. रेजिनात घर पाहायला आलेला माहीतगार माणूस आधी खाली उतरतो, बैठकीची खोली नंतर पाहतो.

खासगी विक्रीतला सर्वांत मोठा धोका येथे आहे. कायद्याचे मूळ तत्त्व असे, की उघड दिसणारा दोष खरेदीदाराने स्वतः पाहावा. परंतु घर धोकादायक किंवा राहण्यास अयोग्य ठरेल असा लपलेला दोष मालकाला ठाऊक असेल, तर तो सांगणे त्याचे कर्तव्य आहे. ठाऊक असलेली भेग लाकडी पॅनेलमागे झाकणे किंवा विचारल्यावर खोटे सांगणे यांतून विक्रीनंतरही दावा उभा राहू शकतो. प्रांतात ‘प्रॉपर्टी कंडिशन डिस्क्लोजर स्टेटमेंट’ नावाचा प्रश्नार्थक नमुना प्रचलित आहे. तो भरणे कायद्याने सक्तीचे नाही, पण खरेदीदार तो मागतात आणि भरला तर खरा भरावा लागतो. एजंट असता, तर कोणती गोष्ट लिहावी आणि कशी लिहावी हे त्याने सांगितले असते. एजंट नसताना हा सल्ला वकिलाकडून घ्यावा, आणि तो घर बाजारात आणण्यापूर्वी घ्यावा.

आमचे स्वतःचे घर आम्ही असेच विकले. बेसमेंटच्या पश्चिमेकडील भिंतीला केसाएवढी भेग होती. तिच्याविषयी बोलावे की नाही यावर घरात दोन रात्री वाद झाला. शेवटी भेगेचे छायाचित्र, स्थापत्य अभियंत्याचा दोन पानी अहवाल आणि पागोळीचे पाणी भिंतीपासून दूर नेण्यासाठी बसवलेल्या नळ्यांची पावती असे सारे एका फाइलीत घालून जेवणाच्या टेबलावर ठेवले. पहिली दोन गिऱ्हाइके ती फाइल चाळून परत आली नाहीत. तिसऱ्याने घर घेतले आणि तपासनिसाचा अहवाल आल्यावर एक डॉलरही कमी करायला सांगितले नाही, कारण अहवालात नवे असे काही नव्हतेच.

त्या फाइलीत आणखी काय असावे? घर १९६० पूर्वीचे असेल, तर पाण्याची जोडणी शिशाची आहे का, हे पालिकेकडून विचारून घ्यावे. गटाराचे पाणी उलटे येऊ नये म्हणून झडप बसवली असल्यास तिची पावती. छताच्या शिंगल्सचे आणि फर्नेसचे वय. रेडॉन वायूची चाचणी केली असल्यास तिचा आकडा. कॅनडाची मार्गदर्शक मर्यादा प्रतिघनमीटर २०० बेकरेल आहे आणि प्रेअरी प्रांतांतील घरांत ती ओलांडलेली आढळते. भूमापकाने केलेला ‘रिअल प्रॉपर्टी रिपोर्ट’ असेल तर उत्तम. गॅरेज किंवा डेक शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेले नाही, हे त्यावरून दिसते. बेसमेंटमध्ये भाडेकरूसाठी वेगळे घर केले असेल, तर पालिकेची परवानगी.

कागद

महाराष्ट्रात घर घेताना सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मागील तीस वर्षांचा शोध, इंडेक्स टू असा पसारा असतो, कारण तेथे नोंदणी होते ती दस्ताची. मालकी निर्विवाद असल्याची हमी त्या नोंदणीतून मिळत नाही. सस्कॅचवानमध्ये टॉरेन्स पद्धत आहे, जी १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झाली. नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक, असे तिचे सूत्र. त्यामुळे कागदपत्रे थोडी असतात आणि त्यांतली एखादी चूक महाग पडते. हस्तांतराचे नोंदणी शुल्क २०२३ पासून किमतीच्या ०.४ टक्के आहे. साडेतीन लाखांच्या घरावर १,४०० डॉलर, आणि ते रिवाजाने खरेदीदार भरतो.

प्रस्ताव आला, की तो लेखी असावा. त्यात किंमत, अनामत, ताब्याचा दिवस, कोणत्या वस्तू घरासोबत जातात आणि कोणत्या अटी कोणत्या तारखेपर्यंत पुऱ्या व्हायच्या, हे स्पष्ट हवे. कर्जमंजुरी आणि घराची तपासणी या दोन अटी जवळजवळ नेहमी असतात. अनामत रक्कम कधीही स्वतःच्या खात्यात घेऊ नये. ती वकिलाच्या ट्रस्ट खात्यात राहावी, म्हणजे व्यवहार फिसकटला तर ‘पैसे कुणाचे’ हा वाद मित्रांमध्ये उद्भवत नाही. दोन्ही पक्षांना एकच वकील, ही काटकसर तर अजिबात करू नये. ओळखीतल्या माणसाला घर विकताना तर मुळीच नको.

खरेदीदाराचा कॅनडातील दर्जा तपासण्याची जबाबदारीही आता आली आहे. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या आणि १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवलेल्या केंद्रीय कायद्याने परकीय नागरिकांना मोठ्या नागरी क्षेत्रांत घर घेण्यास मनाई केली आहे आणि रेजिना त्या क्षेत्रांत मोडते. कायम रहिवाशांना ही मनाई नाही. वर्क परमिटवर असलेल्याच्या परवान्याची किमान १८३ दिवसांची मुदत शिल्लक असेल आणि त्याने आधी असे घर घेतलेले नसेल, तर त्यालाही घेता येते. जाणूनबुजून कायदा मोडण्यास मदत करणाऱ्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

पत्नीची सही, पतीच्या गैरहजेरीत

या प्रांताचा एक कायदा बाहेरून आलेल्यांना हमखास चकवतो. ‘होमस्टेड्स ॲक्ट, १९८९’ असे त्याचे नाव. मूळ कल्पना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची. शेतकरी नवऱ्याने बायकोला न विचारता राहते घर फुंकून टाकू नये म्हणून केलेली ही तजवीज. आज ती पती-पत्नी दोघांनाही आणि किमान दोन वर्षे जोडीदार म्हणून एकत्र राहिलेल्यांनाही लागू आहे, आणि शहरातील घरालाही.

समजा, टायटलवर एकट्या पतीचे नाव आहे. रेजिनात प्रथम पतीला नोकरी लागली, त्याच्याच पगारावर कर्ज निघाले, म्हणून घर त्याच्या नावावर, असे आपल्याकडे सर्रास घडते. कुटुंब त्या घरात राहिले असेल, तर पत्नीच्या लेखी संमतीशिवाय ते विकता येत नाही. नुसती सही पुरत नाही. तिला कायद्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीसमोर, बहुधा वकील किंवा नोटरीसमोर, पतीच्या गैरहजेरीत बसून सांगावे लागते, की आपला हक्क तिला समजला आहे आणि ती कोणत्याही दबावाविना तो सोडत आहे. ज्या वकिलाने दस्त तयार केला त्याला किंवा त्याच्या भागीदाराला वा नोकराला हे प्रमाणपत्र देता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या, त्रयस्थ वकिलाकडे जावे लागते. टायटलवर दोघांची नावे असतील आणि विक्रीवर दोघांच्या सह्या होणार असतील, तर ही वेगळी संमती लागत नाही. अविवाहित वा एकट्या मालकाला, आपल्याला जोडीदार नाही असे शपथपत्र द्यावे लागते.

एका परिचित कुटुंबात ताब्याला नऊ दिवस उरले असताना हे लक्षात आले. पत्नी आईच्या शस्त्रक्रियेसाठी नाशिकला गेलेली. खरेदीदाराचे जुने घर आधीच विकले गेलेले, त्याचे सामान ट्रकात. कागद कुरिअरने गेले, नोटरीचा शिक्का एकदा चुकीच्या जागी बसला, पुन्हा गेले. ताबा अकरा दिवस पुढे सरकला आणि खरेदीदाराच्या हॉटेलचे बिल विक्रेत्याने भरले. वाचवलेल्या कमिशनचा बराच भाग त्यात गेला. पण त्या घरात नंतर बोलला गेला तो विषय वेगळाच होता. त्या बाईंना सोळा वर्षांत प्रथमच कोणीतरी विचारले होते, की हे घर विकायला तुमची हरकत आहे का.

कर आणि निघून गेलेले मालक

स्वतः राहत असलेल्या घराच्या नफ्यावर सामान्यतः कर लागत नाही, मात्र २०१६ पासून अशी विक्रीही त्या वर्षीच्या विवरणपत्रात दाखवावीच लागते. घर ३६५ दिवसांच्या आत विकले, तर जानेवारी २०२३ पासूनच्या नियमाने नफा व्यवसायाचे उत्पन्न धरला जातो. नोकरीसाठी स्थलांतर, मृत्यू, विभक्त होणे अशा प्रसंगांना सूट आहे. गृहकर्ज मुदतीआधी फेडताना बँक दंड लावते. तो तीन महिन्यांच्या व्याजाइतका किंवा व्याजदरांतील फरकाइतका असू शकतो. भाव ठरवण्यापूर्वी बँकेकडून हा आकडा लेखी घ्यावा.

सर्वाधिक गफलत होते ती भारतात किंवा अन्य देशांत परतलेल्यांची. कराच्या दृष्टीने कॅनडाचा अनिवासी झालेल्या माणसाने येथील घर विकले, तर विक्रीनंतर दहा दिवसांच्या आत महसूल खात्याला कळवावे लागते आणि मंजुरीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते मिळेपर्यंत खरेदीदाराचा वकील किमतीचा मोठा हिस्सा रोखून धरतो, कारण अन्यथा कराची जबाबदारी खरेदीदारावर येते. प्रमाणपत्राला काही महिने लागू शकतात. त्या पैशांवर पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता ठरवला असेल, तर तो पुढे ढकलावा. दूरच्या मालकांची आणखी एक चिंता म्हणजे तोतया विक्रेते. टोरांटो परिसरात मालक परदेशी असताना त्यांच्या नावाने घरे विकली गेल्याची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेली आहेत. रिकाम्या घराची खासगी जाहिरात देताना ‘मालक भारतात’ असे लिहू नये.

ताब्याच्या दिवशी पैसे दोन वकिलांच्या खात्यांमधून फिरतात आणि त्यानंतरच चाव्या द्यायच्या असतात. मालमत्ता कर त्या दिवसापर्यंतचा आपला, पुढचा त्यांचा. तो मासिक हप्त्यांनी भरत असाल, तर पालिकेच्या टिप्स योजनेतून आपले नाव काढायला विसरू नये, नाहीतर नव्या मालकाचा कर आपल्या खात्यातून जात राहतो. व्यवहार हिवाळ्यात होत असेल, तर घर रिकामे केल्यावरही ताब्यापर्यंत फर्नेस चालू ठेवावी आणि विमा कंपनीला घर रिकामे असल्याचे कळवावे. उणे तीस अंशांत एका रात्रीत नळ फुटतात.